वहीत नसलेलं घर
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

पन्नाशी उलटली तरी या शाळेत आपण मुलंच.

मला 'निसर्ग वादळातलं मदतकार्य' असा विषय दिलाय. कार्य वगैरे मोठा शब्द झाला. मी वही लिहिली. पतसंस्थेत आयुष्य गेलं, त्यामुळे दुसरं काही येतही नाही.

3 जून 2020, बुधवार. दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी 110 ते 120 किलोमीटरचा. आदल्या दिवशी सांगितलं होतं, तरी आम्ही फार मनावर घेतलं नव्हतं. 2009 चं फयान पाहिलेली माणसं आम्ही! संध्याकाळी दार उघडलं तर समोर समुद्र. माझ्या दारातून समुद्र कधीच दिसत नव्हता, मध्ये वाडी होती. दोन दिवसांनी वटपौर्णिमा आली. आमच्या आळीतला वड उन्मळून पडला होता, तर बायकांनी आडव्या वडालाच सूत गुंडाळलं. मीही गुंडाळलं.

वीज गेली, फोन गेले. मुंबई-पुण्याच्या तुम्हा मंडळींना आम्ही आहोत की नाही हेही कळेना. आणि कळलं तरी येणार कसे? कोरोनामुळे जिल्ह्यात यायला पास लागत होता, आल्यावर चौदा दिवस वेगळं राहायचं. पुढे 2022 च्या जानेवारीत टोंगा बेटांजवळ समुद्रात ज्वालामुखी फुटला, सुनामी आली, समुद्राखालची केबल तुटली आणि त्या देशाचा जगाशी संपर्कच तुटला. रोग आत येऊ नये म्हणून मदतीचं सामानही कुणाला न भेटता उतरवून ठेवायचं होतं. ती बातमी बघताना मी घरातल्यांना म्हटलं, हे आपलंच चाललंय.

तर, माणगावच्या बाजूला जाणाऱ्या एका मोटरसायकलवाल्याजवळ मी चिठ्ठी दिली. रेंज आली की फोटो काढून आपल्या ग्रुपवर टाक म्हटलं. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'काहीही पाठवा, सगळं गेलंय.' तुम्ही शब्द पाळलात, काहीही पाठवलंत. जुन्या कपड्यांची गाठोडी आली, त्यात एक जरीचा शालू. पावसाळा तोंडावर, घरावर छप्पर नाही आणि हातात शालू! चूक माझी होती. दुसऱ्या चिठ्ठीत नीट लिहिलं: ताडपत्री, मेणबत्त्या, काडेपेट्या, झाडं कापायच्या मशीनला पेट्रोल, दहा फुटी पत्रे. पत्रे आले, पण ते बसवायचे हूक लिहायला मी विसरले. दोन दिवस पत्रे शाळेच्या व्हरांड्यात पडून. तिसऱ्या चिठ्ठीत हूक, वायसर आणि 'शक्य झाल्यास एक सुतार' असं लिहिलं. सुतार काही आला नाही.

सगळ्यात उपयोगी पडला तो जनरेटर. विहिरी भरलेल्या, पण पंपाला वीज नाही आणि रहाट केव्हाच मोडीत गेलेले. टेम्पोत जनरेटर घालून आम्ही वाडीवाडीतून फिरलो. विहिरीवर अर्धा तास पंप चालवायचा, आसपासच्यांनी पाणी भरून घ्यायचं, पुढे निघायचं.

पत्रे वाटायला मी यादी केली. वशिला नको, ओरडा नको म्हणून नियम केला: घरपट्टीची पावती दाखवा, पत्रे घ्या. मला तेव्हा फार न्याय्य वाटला तो नियम.

नवव्या दिवशी आपल्या वर्गातला एक जण आला. तो इथे बसलाय, त्याला विचारूनच सांगतेय, नाव मात्र घेत नाही. शाळा सुटल्यापासून तो दुसऱ्यांच्या वाड्यांत सुपारीवर चढतो. वाडीतच कुडाचं घर बांधून राहतो. जागा मालकाची, घर याचं, पावती कुणाचीच नाही. तो म्हणाला, "बाई, तुझी वही बघितली. माझं घर नाही त्यात. घर अजून तिथंच आहे, निम्मं."

त्या विहिरीवर मी दोनदा जनरेटर घेऊन गेले होते. घर विहिरीच्या मागे वीस पावलांवर. मी पाणी मोजत होते.

"आधी का नाही आलास?" मी विचारलं. तो म्हणाला, "पावती आणायला सांगितलीस ना."

त्या रात्री मेणबत्तीपुढे बसून मी नवी यादी केली, पावती न मागता. दुसऱ्या दिवसापासून पाण्याला फिरताना विहिरीच्या चारी बाजूंनी चालायचं ठरवलं. अशी बरीच घरं निघाली. तोवर चांगले पत्रे संपत आले होते, हे मात्र मला सांगितलंच पाहिजे. त्यांच्या वाट्याला ताडपत्री आली आणि जुलैचा सगळा पाऊस त्यांनी तिच्याखाली काढला.

मोजण्यात चुकणारी मी एकटी नव्हते, एवढंच समाधान. सरकारनं बागांची मदत वाढवून हेक्टरी 50,000 रुपये केली. ऐकायला बरं वाटतं, पण आमच्याकडे हेक्टरात वाडी कुणाची? पाच गुंठे, दहा गुंठे. म्हणजे गुंठ्याला साधारण 500 रुपये, आणि त्या गुंठ्यात नारळ, सुपारी, मिरीचे वेल, जायफळ, सगळं एकावर एक. ओरड झाली, तेव्हा पुढे झाडामागे मदत ठरली: नारळाला 250, सुपारीला 50. पुरेशी होती असं नाही. सुपारी धरायला पाच-सहा वर्षं लागतात, नारळाला त्याहून जास्त. पण निदान झाड मोजलं. आणि झाडावर चढणाऱ्याचं? त्याचा रोजगार कुठल्याच रकान्यात बसला नाही. पडलेली झाडं तोडायचं काम मिळालं त्याला, दोन-तीन महिने. ज्या झाडांवर तो तीस वर्षं चढला, तीच.

आता त्याचं घर पक्क्या पत्र्याचं आहे. पैसे तुमचेच, पण 2021 चा उन्हाळा उजाडला. उशिराच झालं.

ती वही मी आणलीय, मागच्या टेबलावर ठेवलीय. दोन्ही याद्या आहेत, पहिली खोडलेली नाही. उरलेल्या पैशांचा हिशेब शेवटच्या पानावर आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांनी बघून सही करा, आणि जेवणाआधीच करा. जेवणानंतर तुम्ही सगळे फोटो काढायला पळता.