मुळशीच्या काठी होडीघर



कामगार संघटनेच्या माणसाने होडीघरावर बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. होडीघर ही सुखवस्तू माणसाची हौस, आणि आमचे काम पिरंगुटच्या कारखान्यांच्या फाटकावर. परंतु मुळशीच्या तलावाकाठी अलीकडे बंगले वाढत आहेत. बंगला झाला की होडी हवीशी वाटते, आणि होडी आली की तिला घर लागते. ते घर बांधणारे गवंडी, सुतार आणि वेल्डर आमच्याच वस्त्यांतून जातात. तेव्हा हा विषय आम्हांला परका नाही. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. जे मांडतो आहोत ते वाचून, विचारून आणि काम पाहून जमविलेले आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. या काठी होडीघर बांधू इच्छिणाऱ्याने नकाशा काढण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. हे पाणी कोणत्या कामाचे? हा काठ कोणाचा? आणि हे घर कोणाच्या हातांनी उभे राहणार?

प्रथम पाण्याचे पाहू. मुळशीला आपण तलाव म्हणतो, पण तो निसर्गाचा तलाव नव्हे. मुळा नदीवर टाटांच्या वीज कंपनीने बांधलेल्या धरणाचा तो साठा आहे. नदी मूळची पूर्वेला, पुण्याकडे वाहणारी. साठलेले पाणी मात्र सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेऊन सुमारे ५०० मीटर खाली, कोकणातल्या भिरे येथील वीजघरात सोडतात. ते वीजघर १९२७ साली सुरू झाले आणि त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. म्हणजे हा तलाव एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखा आहे. पावसाळ्यात जमा, पुढचे आठ महिने खर्च. ऑगस्टात काठोकाठ दिसणारे पाणी मे महिन्यात पार खाली गेलेले असते.

पुण्याला होडीघरे नवीन नाहीत. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा, आणि अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालचा. पण तेथे बंडगार्डनच्या बांधामुळे नदीचे पाणी तुंबून राहते आणि पातळी फारशी हलत नाही. पायऱ्या उतरल्या की होडी समोर. ते पाहून कोणी मुळशीला तसेच पक्के घर काठावर बांधील, तर तो फसेल. हिशेब साधा आहे. काठाचा उतार दहाला एक असेल आणि पाणी एक मीटर उतरले, तर पाण्याची कड दहा मीटर दूर जाते. दहा मीटर उतरले, तर शंभर मीटर. मग होडीघर एकीकडे, पाणी दुसरीकडे, आणि मध्ये भेगाळलेला चिखल. उलट मे महिन्यातली कड पाहून कोणी खाली बांधले, तर श्रावणात त्याचे छप्परसुद्धा दिसणार नाही.

मग करावे काय? याचे उत्तर आमच्या कोकणातल्या कोळ्यांनी फार पूर्वी शोधून ठेवले आहे. पावसाळा तोंडावर आला की ते होड्या ओढून वर घेतात आणि झापांनी शाकारतात. नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात लोटतात. त्यांनी पाण्याच्या कडेला भिंत कधी घातली नाही. घर वर ठेवले आणि होडी हलती ठेवली. मुळशीलाही हाच न्याय लावावा.

होडीघर धरणाच्या भरलेल्या पातळीच्या बरेच वर, स्वतःच्या जमिनीत असावे. होडीच्या दोन्ही अंगांना माणूस वाकून काम करू शकेल एवढी रुंदी ठेवावी. त्याहून मोठे घर म्हणजे केवळ दिखावा. पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून व पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजू बंद ठेवाव्यात. दरवाजा शक्य तो पूर्वेच्या अंगाला घ्यावा आणि तेथून वळणाची वाट काठाकडे न्यावी. शेजारच्या ताम्हिणी घाटात काय पाऊस कोसळतो ते सर्वांना ठाऊक आहे. छप्पर उतरते, बुटके आणि खांबांना बोल्टांनी घट्ट आवळलेले हवे. पत्रा नुसता खिळ्यांवर ठेवला तर पहिल्याच वादळात तो शेजाऱ्याच्या शेतात सापडेल. भिंतींना वर जाळी ठेवावी, नाहीतर ओल कोंडून लाकूड कुजते. लोखंडाला जस्ताचा मुलामा असावा. सागवान परवडत नसेल तर जांभळाचा विचार करावा. ते पाण्यात लवकर कुजत नाही, हे जुने विहीर खणणारे चांगले जाणत.

होडी खाली नेण्यासाठी चाकांचा गाडा आणि ती वर ओढण्यासाठी हाताने फिरवायची विंच एवढे पुरते. चढउतारासाठी काँक्रीटचा धक्का घालू नये. बंद पिंपांवर फळ्या ठोकून तराफा करावा. पाणी चढले की तो चढतो, उतरले की उतरतो. पेट्रोलचे डबे मात्र होडीघरात ठेवू नयेत. आग लागली तर सारे जाईल आणि सांडले तर पाणी नासेल. वल्ह्याची होडी असेल तर हा प्रश्नच येत नाही.

आता दुसरा प्रश्न, काठ कोणाचा. येथे आम्हांला थोडे मागे जावे लागेल. या धरणाखाली मावळातल्या बावन्न गावांवर संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट त्या लढ्यातूनच सेनापती झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने झटले. लढा १९२४ पर्यंत चालला, आणि जमीन गेली. का गेली? सरकार कंपनीच्या पाठीशी होते, हे एक कारण. दुसरे असे की पुष्कळ जमिनींची कागदावरची मालकी पुण्याच्या सावकारांकडे होती, आणि त्यांनी मोबदला घेण्याचा मार्ग धरला. कसणारा झगडत राहिला आणि कागदवाला सुटला.

आम्ही गिरणी कामगारांच्या परंपरेतली माणसे. त्या विजेने मुंबईच्या मागांना गती दिली, त्यावर आमच्या वडीलधाऱ्यांच्या चुली पेटल्या, हे आम्ही नाकारीत नाही. पण ती वीज कोणाच्या घरावरून पाणी फिरवून आली, हेही विसरत नाही. एका श्रमिकाची भाकरी दुसऱ्याच्या शेतावर भाजली गेली, आणि दोघांना एकमेकांची नावेही कळली नाहीत.

म्हणून जमीन घेणाऱ्याने कागद नीट पाहावा. सातबारा वाचताना मालकाच्या नावावर थांबू नये. 'इतर हक्क' हा रकाना वाचावा. कुळाची नोंद, वाटेचा हक्क, एखादा बोजा, सारे तेथे असते. १९४८ च्या कुळकायद्याने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीवाचून घेता येत नाही. दलाल काय सांगतो त्यावर विसंबू नये. भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी करून घ्यावी, आणि ती आपल्यासमोर व्हावी. बुडिताखालची जमीन धरणासाठी संपादन केलेली आहे. पाणी ओसरल्यावर उघडे पडणारे मैदान आपल्या कुंपणात आले म्हणून आपले होत नाही. तेथे गाडा न्यायचा वा तराफा बांधायचा, तर धरणवाल्यांची लेखी परवानगी आधी मागावी. मुळशी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. बांधकामाची चौकशी तेथे करावी.

कागदात न लिहिलेलीही एक गोष्ट असते. गुरे पाण्यावर नेण्याची वाट, बायकांची धुण्याची जागा, काठावरचा एखादा देव. बंगल्याचे तारकुंपण पाण्यापर्यंत गेले की ज्यांच्या आजोबांची शेते पाण्याखाली गेली, त्यांचीच नातवंडे त्या पाण्याला पारखी होतात. होडीघराच्या एका अंगाने आठ हातांची वाट मोकळी सोडली, तर मालकाचे काय मोठे जाते?

शेवटचा प्रश्न हातांचा. असेच एक होडीघर शाकारताना आमच्या ओळखीचा वेल्डर वरून पडला आणि त्याचा पाय मोडला. कंत्राटदार म्हणाला, हा माझा माणूस नव्हे. मालक म्हणाले, आम्ही कंत्राटदाराला पैसे दिले आहेत. कागद कोणाकडेच नव्हता. तीन महिने त्याच्या बायकोने भाताच्या लावणीवर घर चालविले. बांधकाम कामगारांसाठी मंडळ आहे, त्यात नोंद झाली तर मदत मिळू शकते. पण नोंदीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो देताना काम करवून घेणाऱ्याचा हात थरथरतो. जितके दिवस काम घेतले तितक्या दिवसांचा दाखला सही करून द्यावा. त्याला पैसा पडत नाही. उंचावर चढणाऱ्याला दोर आणि पट्टा द्यावा. होडीत बसणाऱ्या पाहुण्यांना जीवरक्षक जाकीट देता, तसे ती वल्हवणाऱ्या गड्यालाही द्यावे. बंगला राखणाऱ्या जोडप्याला होडीघराच्या माळ्यावर झोपवू नये. त्यांना दार, खिडकी आणि न्हाणी असलेली खोली बांधावी.

आम्ही कोणाच्या हौसेवर टीका करण्यासाठी आलो नाही. सुटीच्या दिवशी निवांत पाण्यावर जावे, हे सुख आम्हांलाही कळते. कामाचे तास कमी व्हावेत म्हणून भांडताना आम्ही तेच मागत असतो. आमची विनंती इतकीच आहे, की होडीघराच्या अंदाजपत्रकात सिमेंट आणि सागवानाबरोबर या तीन गोष्टींनाही एकेक ओळ द्यावी: उतरत्या पाण्यासाठी तराफा, गावासाठी वाट आणि कारागिरासाठी दाखला. यांचा खर्च किती येतो ते आपणच लावून पाहावे. बहुतेकांच्या दारावरच्या नक्षीपेक्षा तो कमी भरेल.