कुत्रं थबकलं तर

नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पुढं बारामती-इंदापुरात ऊस वाढला. उसाच्या पाचटात उंदीर होतात. उंदरांमागं साप येतात. रोज दिसत नाहीत, पण असतात.

रात्री आपण उसाला दारं धरायला निघतो. कुत्रं पुढं पळतं, गवतात तोंड घालतं. धामण असली तर निघून जाते. तिला विष नाही. घोणस मात्र जागची हलत नाही. वेटोळं करून कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. तिचा दंश कुत्र्याला बहुधा तोंडावरच होतो. कुत्रं थबकून भुंकतं, आणि आपण काय आहे म्हणून वाकून बघतो. तिथंच घात होतो. लांबूनच बॅटरी मारावी, कुत्र्याला मागं बोलवावं, दुसऱ्या वाटेनं जावं.

सापाला जमिनीचा हादरा कळतो. म्हणून काठी आपटत चालावं. पायात उंच बूट घालावेत. बूट बघून कोणी हसलं, तर हसू द्यावं.

दंश झालाच, तर आवळून बांधू नये, चिरा देऊ नये. माणसाला चालवू नये. १०८ ला फोन करून सरकारी दवाखान्यात न्यावं. तिथली सापाच्या विषावरची लस कुत्र्यालाही चालते. त्याला गुरांच्या डॉक्टरकडं न्यावं, आणि तेही त्याच रात्री.