समुद्राकाठचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी जुन्नर येथे केलेले भाषण)



चार माणसांसमोर उभी राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. तेव्हा चुकलेमाकले पदरात घ्यावे.

२०१७ ते २०२१ अशी चार वर्षे आम्ही अलिबागेस भाड्याच्या घरात काढली. मुंबईची मंडळी तिकडे बंगले बांधतात. त्या सुतारकामासाठी आमचे हे गेले आणि मुलांना घेऊन मीही मागोमाग गेले. नारळीच्या वाडीत कौलारू घर, त्यातल्या दोन खोल्या आमच्या. भाडे महिना साडेतीन हजार, अनामत पंधरा हजार. समुद्र इतका जवळ की रात्री गाज ऐकू येई. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते, याचे मुलांना भारी अप्रूप वाटे.

परंतु पाहुणी म्हणून जाणे वेगळे आणि संसार मांडणे वेगळे. खाऱ्या वाऱ्याने कड्याकोयंडे गंजत, मिठाला पाणी सुटे, पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नसत. जुन्नरहून नेलेले बाजरीचे पीठ कडू होई. शेवटी मी तांदळाची भाकरी थापायला शिकले, तीही घरमालकीणकाकूंकडूनच. बाई मनाने वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते.

खरी अडचण हंगामाची. दिवाळी, नाताळ आणि मे महिना आला की पर्यटकांची रीघ लागे. एका रात्रीचे दीड हजार मिळत. मग काकू म्हणायच्या, “आठ दिवस मागच्या पडवीत सरका.” आम्ही भांडीकुंडी उचलून सरकत असू. भाडे मात्र पूर्ण महिन्याचे. मुलीने एकदा परीक्षेचा अभ्यास चुलीच्या धुरात केला. बोलावे तर कागद नव्हता, भाड्याची पावतीही नव्हती.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. पर्यटक येईनासे झाले. त्या दिवसांत काकूंच्या हाती पडणारा पैसा आमच्या भाड्याचाच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. कौले पानांसारखी उडाली, माड आडवे झाले. काकू आणि आम्ही एकाच कोंदट खोलीत देवाचे नाव घेत बसलो होतो. पुढे ह्यांनी काकूंचे सारे छप्पर नीट करून दिले, मजुरीचा एक पैसा घेतला नाही.

आणि २०२१ च्या दिवाळीला, पर्यटक पुन्हा येऊ लागताच, काकूंनी आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करायला सांगितले. अनामतीतून रंगाचे म्हणून पाच हजार कापले. मुले वर्षाच्या मध्येच शाळेतून काढावी लागली.

पुढे एका वकीलबाईंकडून कळले, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ सालचा असून ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याप्रमाणे भाड्याचा करार लेखी हवा, त्याची नोंदणी हवी आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, धरले जाते. हे तेव्हा ठाऊक असते तर!

आता हे गाऱ्हाणे आज इथे का, असे कोणी म्हणेल. तर ऐका. २०१८ साली शासनाने आपला जुन्नर तालुका पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट, माणसे येणारच. आंबेगावात भीमाशंकरच्या वाटेवरही तेच चालले आहे. आम्ही परत येऊन घर बांधले, वरच्या दोन खोल्या भाड्याने दिल्या. एक बाई लेकाला घेऊन राहतात. गेल्या शिवजयंतीला खोलीसाठी मुंबईहून विचारणा आली. पैसे चांगले होते. मी वर गेले आणि म्हणाले, “ताई, चार दिवस तेवढे मागच्या खोलीत सरकाल का?”

त्या काही बोलल्या नाहीत. मुलगा मात्र उठला आणि मुकाट्याने दप्तर भरू लागला. ते पाहून मला माझी मुलगी आठवली. मी जिना उतरताना स्वतःच्याच तोंडून काकूंचे शब्द ऐकले होते, भगिनींनो. परत वर जाऊन म्हटले, “राहू द्या, काही नको.” त्याच महिन्यात करार करून नोंदवला. आता दर महिन्याला पावती देते.

आपल्यापैकी कित्येकींच्या घरी बिऱ्हाडकरू आहेत. पाहुणा जरूर ठेवावा, चार पैसे जरूर मिळवावेत. पण त्यासाठी निराळी खोली काढावी. भाडे घेतले त्या महिन्यापुरते ते घर भाडेकरणीचे असते, एवढे आपण बायकांनी तरी जाणावे.