नळी निघाली, तरी दम का लागतो?

अतिदक्षता विभागातून बरा होऊन घरी आलेला माणूस काही आठवड्यांनी जिना चढताना धापा टाकू लागतो. श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येतो. घरच्यांना वाटतं, दमा. पंप सुरू होतो, पण उतार पडत नाही.

दोष कधी कधी श्वासनलिकेत असतो. तिथे घातलेल्या व्हेंटिलेटरच्या नळीच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो बाजूने हवा गळू देत नाही. त्याचा दाब पाण्याच्या ३० सेंटिमीटरांपलीकडे राहिला, तर आतल्या नाजूक अस्तराला रक्त मिळत नाही. जखम होते, ती भरताना आकसते आणि वाट अरुंद होते. बोस्टनच्या कूपर आणि ग्रिलो या शल्यविशारदांनी १९६९मध्ये फुग्याचा हा दोष दाखवून दिला. पुढे कमी दाबाचे फुगे आले. त्रास घटला, संपला नाही. दाब मोजायचं यंत्र अगदी साधं असतं, ते नियमित वापरलं मात्र जायला हवं!

डॉक्टरांना ‘नळी घातली होती’ हे आवर्जून सांगा. दुर्बिणीने निदान होतं. अरुंद भाग ताणून रुंद करतात, किंवा तेवढा तुकडा काढून टोकं जोडतात. बसल्याजागीही तो आवाज येत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.