नकाशावर उरलेली गावे



‘तुझ्या कामाबद्दल बोल’ असे संयोजकांनी सांगितले. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. संगणकावर नकाशे हाताळते. या कामाचे मूळ आपल्या भूमितीच्या तासात आहे. एक बाजू आणि तिच्यावरचे दोन कोन कळले, की त्रिकोण पुरा होतो.

याच नियमावर भारताची मोजणी झाली. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासला साखळीने एक पायारेषा मोजली. मग अर्ध्या टनाचे थिओडोलाइट टेकड्यांवर, गोपुरांवर चढवत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते उत्तरेकडे सरकले. १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे. ज्या खलाशांच्या खांद्यावरून ते यंत्र गेले, त्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नाहीत.

फोनवर सगळे दिसत असताना जुने नकाशे कशाला हवेत? साक्षीसाठी. गंगोत्री हिमनदीच्या मुखाचा नकाशा ऑडेन या भूशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये केला होता. त्याच्याशी ताडून पाहिले म्हणूनच ती एक किलोमीटरहून अधिक मागे हटल्याचे सांगता येते.

हिमालय लांब राहिला. आपली पैनगंगा घ्या. कळमनुरी-पुसदच्या सीमेवर इसापूर धरण झाले, शेतीला पाणी मिळाले, आणि काठची गावे पाण्याखाली गेली. आजच्या नकाशावर तिथे नुसता निळा रंग आहे. पण १९५० च्या दशकात छापलेले भारताचे नकाशे अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. त्यांत हा जलाशय नाही. मोकळी वाहणारी पैनगंगा आहे.

पण नकाशावर गावाचे नाव असते. पाणवठा, पाणंद, म्हसोबाचा माळ, कुणाच्या मळ्यातली विहीर नसते. ते उठून आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून एक विनंती. ज्यांचे आजोळ-माहेर धरणात गेले, त्यांनी त्या भागाचा नकाशा मोठा करून छापावा, घरातल्या वडीलधाऱ्यांसमोर ठेवावा आणि ती सांगतील ती नावे पेन्सिलने लिहावीत. छापण्याचे काम माझ्याकडे द्या. पुढच्या मेळाव्यात ते कागद शाळेच्या ग्रंथालयाला देऊ.

गुरुजनहो, त्रिकोण तुम्ही शिकवलात. त्यात नावे आता आम्ही भरू.