पडद्यावरची मंथरा आणि आपल्या गल्लीतली मुलगी

(भिवंडीतील महिला मंडळांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मालिकांमधल्या सासू-सुनांबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत. त्याच पडद्यावर लंगडी, आंधळी, मुकी किंवा 'वेडी' म्हणून एक बाई येते. आज तिच्याबद्दल बोलू या.

१९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' मालिका सुरू झाली. २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली, म्हणजे आपल्या मुलींनीही पाहिली. त्यातली मंथरा आठवा. पाठीला कुबड, एक डोळा बारीक. ती भूमिका ललिता पवार यांनी केली होती. त्या मूळच्या येवल्याच्या आणि तरुणपणी नायिका होत्या. १९४२ मध्ये चित्रीकरण चालू असताना सहकलाकाराची थप्पड जोरात बसली आणि चेहऱ्याला अर्धांगवायू झाला. काही वर्षं उपचार चालले, तरी डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेची कामं संपली. पुढे वाट्याला आल्या त्या बहुतेक खाष्ट सासवा आणि कपटी बायका.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा कामावर झालेला अपघात होता. मागावर बोट गेलेल्या कामगाराचा होतो तसाच. पण पडद्यावर त्याचा अर्थ असा लावला गेला की बाईच्या मनातलं पाप तिच्या डोळ्यात दिसतं. खरं तर त्याच डोळ्यानिशी ललिताबाईंनी १९५९ च्या 'अनाडी'मध्ये मायाळू मिसेस डिसा उभी केली आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. दुष्टपणा डोळ्यात नव्हता, भूमिका वाटणाऱ्यांच्या नजरेत होता.

या चित्राला दुसरी बाजू आहे, ती देवीची. सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ च्या अपघातानंतर कापावा लागला. जयपूर पाय लावून त्या पुन्हा नाचल्या. १९८६ साली त्यांच्याच आयुष्यावरच्या 'नाचे मयूरी'त त्यांनी काम केलं. पुढे मालिकांमध्ये त्यांना पायाचा संबंधही नसलेल्या भूमिका मिळाल्या, हे फार चांगलं झालं. पण अपंग मुलीला काय ऐकवलं जातं? 'ती नाचली, मग तुला काय झालं?' आणि त्याच सुधाताईंना २०२१ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं की विमानतळावर तपासणीसाठी दर वेळी पाय काढायला लावतात. टाळ्या वाजवणारा समाज दारात मात्र असा वागतो.

म्हणजे एक तर मंथरा, नाही तर देवी. उरलेल्या मालिकांत नवस फेडला की दृष्टी येते आणि शेवटच्या भागात चाकाच्या खुर्चीतून उठून चालता येतं. मधली साधी बाई कुठे आहे?

ती आपल्या गल्लीत आहे. भिवंडीत घरोघरी कापडाचे धागे तोडायचं काम चालतं. मी जाते त्या वस्तीत पोलिओ झालेली एक मुलगी बसल्या जागी दिवसभर हे काम करते. तिच्या पैशातून घरचं वीजबिल भरलं जातं. पण धाकटीला पाहायला पाहुणे येणार असले की हिला शेजारी पाठवतात. ती कमावते, भावाशी भांडते, लग्न करावंसं वाटतं म्हणते. अशी मुलगी मी कुठल्याच मालिकेत पाहिलेली नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या अपंग स्त्रियांची संख्या सुमारे १ कोटी १८ लाख होती. ज्या घरांनी मुलगी लपवली, त्यांनी ती मोजणाऱ्यालाही सांगितली असेल का?

अपंग बाईला बाईच न मानण्याचा शेवट कुठे होतो, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली. कारण सांगितलं ते पाळीच्या स्वच्छतेचं. स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. आज २०१६ चा कायदा सांगतो की अपंग व्यक्तीच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय तिचं मूल होणं बंद करणारा कोणताही उपचार करता येणार नाही. हे कलम आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे?

शब्दांचंही तसंच. २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला. अनेक अपंग कार्यकर्त्यांनी तेव्हाच विचारलं, 'आमच्यात दिव्य काय आहे? आम्हाला हक्क द्या.' मलाही हे पटतं. देवीला मखरात बसवतात, तिला रिक्षात चढायला जागा करून द्यावी लागत नाही.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'आंख मिचोली' चित्रपटाच्या खटल्यात निकाल दिला. चित्रपट आणि दृश्य माध्यमांनी अपंगांचं चित्रण कसं करावं, याची तत्त्वं त्यात घालून दिली. अपंग माणसाला हिणवणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद, यांत न्यायालयाने फरक केला. अपंगांना विचारल्याशिवाय त्यांच्याबद्दल काही ठरवू नये, हेही सांगितलं. निकाल चांगला आहे. पण तो मालिका लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवायला कोणी तरी पत्र लिहायला हवं. ते आपण लिहू शकतो.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. एक, मालिकेत अपंग बाईची टवाळी किंवा चमत्कार दिसला, तर वाहिनीला मंडळाच्या नावाने पत्र पाठवायचं. मजकूर अपंग मैत्रिणीने सांगायचा, आपण सह्या करायच्या. दोन, 'लंगडी', 'बहिरी', 'मंथरा' हे शब्द शिवी म्हणून आपल्या तोंडात येऊ द्यायचे नाहीत. तीन, पुढची बैठक तळमजल्यावर भरवायची आणि प्रत्येकीने आपल्या गल्लीतल्या एका तरी अपंग बाईला निरोप द्यायचा. तिला आपण कौतुक करायला बोलावत नाही आहोत. बैठकीत काय बोलायचं, ते तिनेही ठरवायचं आहे.