मोजणीदाराची साखळी आणि चार वाड्यांचे गाव



स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यास लागून हालांद नावाचा जो प्रांत आहे, आणि जो 1645 साली तह होईपर्यंत डेन्मार्कच्या अमलाखाली होता, त्याच्या उत्तर भागातील खडकाळ मुलुखात एस्कहुल्त या नावाचे एक खेडे आहे. यॉत्तास, बेंग्त्स, देर्रास आणि यॉन्सास अशा चार वाड्यांची ही वस्ती. घरे लाकडी, आणि इतकी जवळजवळ की एकाच्या अंगणात झालेले भांडण उरलेल्या तिघांना ऐकू आल्यावाचून राहू नये. या देशात एके काळी बहुतेक खेडी अशीच दाट वसलेली होती. ती पुढे विस्कटली कशी, आणि हे एक विस्कटायचे राहिले कसे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

जुन्या व्यवस्थेत शेतजमीन लांबट, अरुंद पट्ट्यांत विभागलेली असे. सुपीक, पाणथळ आणि खडकाळ अशा प्रत्येक प्रतीच्या जमिनीत प्रत्येक खातेदाराला वाटा मिळावा हा त्यामागील न्याय. परंतु त्या न्यायाची किंमत अशी की एकाच माणसाची जमीन शिवारभर अनेक ठिकाणी विखुरलेली असावयाची, आणि पट्ट्यांना निरनिराळे कुंपण नसल्यामुळे पेरणी, कापणी आणि कापणीनंतर गुरे सोडणे ही सारी कामे अवघ्या गावाने एकाच वेळी केल्यावाचून गत्यंतर नसे. ज्याचे पीक मागे राहिले त्याचे पीक शेजाऱ्याच्या गाईने खाल्ले, इतका हा व्यवहार सरळ होता. गावकीचा कारभार ओल्डरमन नावाचा मुखत्यार पाही. हे पद आपल्याकडील पाटीलकीसारखे वतनी नसून बहुधा पाळीपाळीने खातेदारांकडे येई. 1742 साली सरकारनेच गावकीच्या नियमांचा एक नमुना प्रसिद्ध केला, आणि कुंपणाची दुरुस्ती कोणी किती करावी, सभेस गैरहजर राहणाऱ्यास दंड किती, या गोष्टी तेव्हापासून अनेक गावांत कागदोपत्री आल्या. दक्षिणेकडील स्कोने प्रांतात ओल्डरमन शिंग फुंकून सभा बोलावी, आणि तेथे प्रत्येक खातेदाराचा बसावयाचा दगड ठरलेला असे. जमलेल्या दंडाचा विनियोग पुष्कळदा सामुदायिक मद्यपानात होत असे; तेव्हा शिस्त आणि आनंद यांचा असा मेळ घालणारी दुसरी राज्यघटना निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

या गावकीवर पहिला घाव पडला तो मोजणीखात्याकडून. स्वीडनमध्ये हे खाते 1628 इतके जुने असून त्याच्या दप्तरातील सतराव्या शतकातले गावांचे नकाशे आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. अठराव्या शतकाच्या मध्यास, या पट्टेपद्धतीमुळे राष्ट्राचे धान्य बुडते असा विचार राज्यकर्त्यांच्या मनात दृढ झाला, आणि 1757 च्या हुकुमाने पट्टे एकत्र करण्याची पहिली मोहीम सुरू झाली. तिला अनेक ठिकाणी अर्धवटच यश आले. मग स्कोनेमधील स्वानेहोल्म या जहागिरीवर रूटगर मॅक्लीन या उमरावाने 1780 च्या दशकात एक धाडसी उपाय योजला: कुळांचे पट्टे मोडून त्याने जमिनीचे सलग तुकडे पाडले आणि ज्याची जमीन त्याने तिच्यावरच घर बांधून राहावे असा दंडक घातला. कुळांनी विरोध केला, काही निघूनही गेली. पण उत्पन्न वाढले. त्या अनुभवाच्या जोरावर 1803 साली स्कोनेपुरता आणि 1807 साली बहुतेक साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला, आणि 1827 चा ‘लागा शिफ्ते’ हा कायदा सर्वांत दूरवर पोहोचला. त्यातील मर्माची तरतूद अशी की एकट्या खातेदाराने अर्ज केला तरी सबंध गावाची वाटणी करावी लागे. बहुमत विरुद्ध असले तरी मोजणीदार साखळी घेऊन दारात उभा राही. आणि ज्यांच्या वाट्यास दूरची जमीन येई त्यांच्या घरांचे ओंडके उतरवून, वाहून, नव्या जागी पुन्हा रचले जात. या स्थलांतराच्या खर्चाचा भार जागेवर राहणाऱ्यांनाही उचलावा लागे, हा कायद्याचा सुज्ञपणा म्हटला पाहिजे.

तुकडेजोडीचा आपला 1947 चा मुंबई इलाख्यातील कायदा ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सुधारणेचा हेतू समजावून सांगण्याचे कारण नाही. तो हेतू साधलाही: पडीत जमीन लागवडीस आली, ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे पीक घेतले. परंतु सामाईक गायरानाची वाटणी होताच ज्यांच्या नावावर जमीन नव्हती अशा झोपडीवासीयांची एक गाय चारण्याची सोय गेली. 1850 पासून 1930 पर्यंत सुमारे बारा लाख माणसे हा देश सोडून, बहुतांशी अमेरिकेस, गेली, त्या लोंढ्याच्या कारणांत लोकसंख्येची वाढ आणि 1860 च्या दशकाअखेरचा दुष्काळ यांच्याबरोबर हेही एक कारण गणावे लागते.

एस्कहुल्तमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जमिनीची वाटणी झाली, पण घरे हलली नाहीत; चारही कुटुंबे जुन्याच अंगणांत राहून आपापली शेते कसू लागली. पुढे नव्या शेतीस पुरेसा पैसा या मुरमाड जमिनीत नव्हता म्हणून कोणी जुने पाडून नवे बांधलेही नाही, आणि 1960 च्या दशकात शेवटचे रहिवासी निघून गेले तेव्हा मागे राहिले ते जवळजवळ अठराव्या शतकातले गाव. आज ते जपलेले स्थळ आहे. भोवतालचे झुडपी माळ जुन्या रीतीने जाळले जातात, कुरणे कापली जातात, आणि उन्हाळ्यात पाहुणे येऊन कौतुक करतात. त्या कौतुकाला माझा आक्षेप नाही. मात्र ज्या दारिद्र्यामुळे हे टिकले त्याचा पाहुण्यांना सहसा अंदाज येत नसावा.

गावसभेची सत्ता पुढे अधिकाधिक वरच्या पातळीकडे सरकत गेली. 1862 साली धर्मग्रामाचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीचा, ऐहिक कारभार नव्या ग्रामसंस्थांकडे आला. अशा सुमारे अडीच हजार संस्था होत्या, 1952 साली त्या हजाराच्या आसपास आणल्या गेल्या, आणि 1970 च्या दशकात तीनशेच्याही खाली गेल्या. तरीही वाटणीच्या वेळी मोजणीदाराने जी वाळूची खाण, जो पाणवठा, जो रस्ता सामाईक म्हणून बाजूला ठेवला, तो अनेक ठिकाणी आजही जमिनीच्या दप्तरात गावाच्या खातेदारांच्या नावे सामाईक मिळकत म्हणून दाखल आहे. आणि आडगावच्या खासगी रस्त्यांची दुरुस्ती करण्यासाठी ज्यांची जमीन रस्त्याला लागते असे मालक संघ स्थापून वर्षातून एकदा जमतात, आणि खडी किती टाकावी यावर वाद घालतात.